वीज मंडळाचा माणूस : एका कामगार चळवळीचा मागोवा

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीसाठी ओळखले जाते. ऐन उन्हाळ्यात, विहिरीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यावर येथील शेतकरी मिरचीची रोपे जगवतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर हिरव्या मिरचीचा बाजार भरू लागतो. ते पाणी वर येते विजेच्या मोटारीने. रोहित्र जळाले, म्हणजे गावच्या बोलीत ‘डीपी उडाली’, की थोड्याच दिवसांत रोपे माना टाकतात. अशा वेळी शिवारात एकच हाक ऐकू येते : ‘बोर्डाच्या माणसाला बोलवा!’

बोर्ड म्हणजे महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. वस्तुतः हे मंडळ ६ जून २००५ रोजी इतिहासजमा झाले. त्यालाही आता वीस वर्षे उलटून गेली. परंतु शब्द मोठा चिवट. सरकारी कागदावरून पुसला गेलेला हा शब्द गावाच्या जिभेवर अजून नांदतो आहे. मात्र ज्या माणसाला उद्देशून तो उच्चारला जातो तो ‘बोर्डाचा माणूस’ हळूहळू दिसेनासा झाला. त्याच्या जागी पकड आणि दोरखंड घेऊन जो तरुण येतो, तो नेमका कोणाचा माणूस, हे गावाला सांगता येत नाही; पुष्कळदा त्याचे त्यालाही नीट सांगता येत नाही. हे असे कसे झाले, आणि कामगारांच्या संघटना एवढ्या बलवान असताना कसे झाले, याचा मागोवा येथे घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

आमच्या वाचकांना ‘युनियन’ हा शब्द परका नाही. गिरणी, गोदी, रेल्वे, पोस्ट, बेस्ट यांत आयुष्य वेचलेली माणसे आपल्या धर्मग्रामांतून घरोघरी होऊन गेली. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, तेव्हा लाला लजपतराय यांच्या बरोबरीने उभे राहिलेले माझगावचे काका बॅप्टिस्टा आपल्यापैकीच. त्या पिढीपुढे प्रश्न कठीण होता खरा, पण सरळ होता. मालक समोर दिसत होता. गिरणीच्या फाटकावर सभा घेतली की ती मालकाच्या कानी जात असे. पुढे स्वराज्य आल्यावर सरकार हाच सर्वांत मोठा मालक झाला, आणि संघटनांनी सरकारशी भांडण्याची व सरकारशी जुळवून घेण्याचीही रीत शिकून घेतली. १९९१ नंतर ‘खासगीकरण’ हा शब्द आला, आणि या रीतीचा कस लागला.

वीज मंडळाची स्थापना १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यान्वये २० जून १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जन्मानंतर दोन महिन्यांच्या आत झाली. मराठवाडा तोवर विजेच्या बाबतीत मागासलेलाच होता. निजामी राजवटीत आणि नंतर १९५६ पर्यंतच्या हैदराबाद राज्यात खेड्यापाड्यांच्या वाट्याला वीज फारशी आलीच नव्हती. परळीचे औष्णिक वीजकेंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. पुढल्या दोन दशकांत गावोगाव खांब उभे राहिले. हे खांब ज्यांनी खांद्यावर वाहून नेले, खड्डे खणले, तारा ओढल्या, त्यांतील बहुतेक प्रथम रोजंदारीवर होते. त्यांना हजेरीपटावर आणणे, वेतनश्रेणी मिळवून देणे, भविष्यनिर्वाह निधी लागू करणे, हे काम संघटनांचे. नागपूरचे कॉम्रेड ए. बी. बर्धन हे या चळवळीतून वर आलेले नेते. त्यांची वर्कर्स फेडरेशन, भारतीय मजदूर संघाच्या प्रेरणेचा वीज कामगार महासंघ, इंटकप्रणीत संघटना, अभियंत्यांची वेगळी संघटना, मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची वेगळी, तांत्रिक कामगारांची आणखी वेगळी, असा मोठा परिवार मंडळात उभा राहिला. या भावकीत एकोप्यापेक्षा उणीदुणीच अधिक निघत, हेही सांगितले पाहिजे.

याच भागात नोकरी करून निवृत्त झालेल्या एका लाईनमनशी आमचे बोलणे झाले. पगार किती होता हे त्यांना धड आठवेना. परंतु खांबावर चढण्यापूर्वी उपकेंद्राकडून ‘परमिट’ घेतल्याखेरीज तारेला हात लावायचा नाही, हा नियम त्यांना पाठ होता; आणि बरेवाईट झालेच तर घरच्या एका माणसाला अनुकंपेवर नोकरी मिळेल, हा भरवसाही त्यांना होता. संघटनेची सारी कमाई या भरवशात आहे असे आम्हांला वाटते. पगारवाढ महागाईत विरून जाते. भरवसा पिढीला पुरतो.

या चित्राला दुसरी बाजूही होती. ‘बोर्डाचा माणूस’ गावात सावकाराच्या तोऱ्याने वागत असे, ही तक्रार आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैसे दिल्याखेरीज फ्यूज न टाकणे, आकडे टाकणाऱ्यांकडे काणाडोळा करणे, शेतकऱ्याला फेऱ्या मारायला लावणे, हे सर्व चालत होते आणि संघटना त्याविषयी मौन पाळत. सभासदाची चूकही आपलीच मानून पाठीशी घालण्याची ही सवय पुढे महागात पडली. कारण खासगीकरणाचे वारे आले तेव्हा ग्राहक काठावर उभा राहून पाहत होता. काहींना तर मंडळाची खोड मोडली जाते आहे याचा आनंदच झाला होता.

संघटनांचे डोळे पहिल्यांदा उघडले ते दाभोळच्या प्रकरणात. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाशी मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला आणि थोड्याच महिन्यांत फेरवाटाघाटी करून पुन्हा मान्य केला. ‘सीटू’ ही कामगार संघटना आणि अभय मेहता हे मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली. पुण्याच्या ‘प्रयास’ गटातील अभ्यासकांनी करारातील आकडे मांडून दाखवले. १९९९ मध्ये प्रकल्पाची वीज आली, तिचा दर मंडळाला झेपेना, आणि मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे वाजले. या साऱ्यात कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच घडली. पगार, बोनस आणि बदल्या यांपलीकडे न पाहणाऱ्या संघटना विजेचा दर, गळती, करारातील अटी यांचा हिशोब वाचू लागल्या. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि दरवाढीवर जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. तेथे इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांच्यासारखे ग्राहकांचे कार्यकर्ते आकडेवारी घेऊन उभे राहत. कामगारांच्या प्रतिनिधींनाही तेथे घोषणा देऊन चालत नसे; कागद घेऊन जावे लागे. फाटकावरील सभेपासून आयोगाच्या सभागृहापर्यंतचा हा प्रवास लहान नव्हता.

दरम्यान इतर राज्यांतून बातम्या येतच होत्या. ओडिशाने १९९६ मध्ये आपले मंडळ मोडले आणि १९९९ मध्ये वीजवितरण खासगी कंपन्यांकडे दिले. त्याच वर्षीच्या महावादळात खांब कोसळले, आणि २००१ मध्ये त्यांतील एक परदेशी कंपनी काम सोडून निघून गेली. उत्तर प्रदेशात जानेवारी २००० मध्ये कामगारांनी संप केला, धरपकड झाली, तरीही मंडळ फुटलेच. त्याहीपूर्वी ब्रिटनमध्ये १९९० साली वीज कंपन्या विकल्या गेल्या होत्या. तेथील संघटनांनी नोकरकपात रोखू न शकल्याने आपापसांत विलीन होण्याचा मार्ग धरला. १९९३ मध्ये तीन मोठ्या संघटना एकत्र येऊन ‘युनिसन’ जन्मास आली. आपल्याकडे विलीनीकरण कोणाच्या मनातही आले नाही. तथापि गरजेपुरती एक कृती समिती उभी करण्याची रीत पडली, आणि ती टिकली.

केंद्राचा वीज कायदा २००३ मध्ये आला. त्याने राज्यांची मंडळे मोडून कंपन्या करण्याची वाट आखून दिली. त्याच कायद्याच्या १३३ व्या कलमाने, कर्मचारी नव्या कंपनीकडे वर्ग होताना त्यांच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी असता कामा नयेत, अशी हमीही दिली. महाराष्ट्रात २००५ मध्ये मंडळाच्या जागी एक सूत्रधारी कंपनी आणि तिच्या छायेखाली महानिर्मिती, महापारेषण व महावितरण अशा तीन कंपन्या झाल्या. संघटनांना फूट टाळता आली नाही. परंतु तिन्ही कंपन्यांचा वेतनकरार एकत्रितपणे व्हावा, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. मालकाची तीन घरे झाली तरी कामगाराचे घर एकच राहिले. हे यश साधे नाही, आणि त्याचे श्रेय संघटनांना निःसंकोच दिले पाहिजे.

त्यानंतरचा डाव अधिक बारीक होता. कंपनी विकायची नाही; एखाद्या शहराचे वितरण तेवढे ठरावीक वर्षांसाठी खासगी ‘फ्रँचायझी’कडे सोपवायचे. जानेवारी २००७ मध्ये भिवंडी टोरेंट कंपनीकडे गेली. तेथे वीजगळती पुष्कळ उतरली, हे मान्य केले पाहिजे. मग २०११ मध्ये नागपूर, औरंगाबाद आणि जळगाव यांची पाळी आली. १ मे २०११ रोजी, कामगारदिनीच, औरंगाबाद शहराचा वीजपुरवठा जीटीएल कंपनीने हाती घेतला. हा योगायोग कोणाला सुचला असेल कोण जाणे.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे आमच्या धर्मप्रांताचे ठिकाण, आणि भोकरदन-जालन्याच्या माणसाचा दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी, नोकरीसाठी नित्य जाण्यायेण्याचा गाव. त्यामुळे तेथील घडामोडी आम्ही जवळून पाहिल्या. करार पंधरा वर्षांचा होता. तो चार वर्षेही पुरा चालला नाही. महावितरणकडून घेतलेल्या विजेचे पैसे थकले, वाद वाढला, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये महावितरणने शहर पुन्हा आपल्या ताब्यात घेतले. जळगावचा करार २०१५ मध्ये संपुष्टात आला, नागपूरचा २०१९ मध्ये. चार शहरांपैकी तीन परत आली. संघटनांनी हा आपला विजय मानला. आम्हांला तो अर्धाच वाटतो. या कराराचा पराभव जेवढा आंदोलनाने झाला, त्याहून अधिक तो त्याच्याच हिशोबाने झाला. शिवाय शहर हस्तांतरित होताना मंडळाचे जुने कर्मचारी इतरत्र सामावले गेले, हे बरेच झाले. पण खासगी कंपनीने मधल्या काळात जी माणसे कामास लावली, ज्यांनी त्याच खांबांवर चढून तीच कामे केली, त्यांचे काय? ती कोणाच्या सभासदयादीत होती? समोरचे दार राखण्यात सारी शक्ती लागली असताना या प्रश्नाकडे पाहायला कोणाला सवड झाली नाही.

आणि नेमके येथेच मागचे दार उघडे राहिले.

मंडळाचे कंपनीत रूपांतर झाल्यावर निवृत्त होणाऱ्या लाईनमनच्या जागा पूर्वीसारख्या भरल्या गेल्या नाहीत. ‘विद्युत सहाय्यक’ नावाने ठरावीक मानधनावर तरुण घेतले जाऊ लागले. त्यांना निदान काही वर्षांनी कायम होण्याची आशा होती. मीटरची नोंद घेणे, देयके वाटणे, ही कामे एजन्सींकडे गेली. उपकेंद्रात आणि खांबावर कंत्राटदाराचे कामगार आले. पुढे लहान खेड्यांसाठी ‘ग्राम विद्युत व्यवस्थापक’ ही योजना आली. तीन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावात आयटीआय झालेला एक स्थानिक तरुण ग्रामपंचायतीमार्फत नेमायचा. त्याने फ्यूज टाकायची, देयके वाटायची, दुरुस्तीत मदत करायची. आणि त्यासाठी ग्राहकामागे ९ रुपये किंवा महिन्याला किमान ३,००० रुपये. म्हणजे ग्रामपंचायतच झाली फ्रँचायझी. शहराचा सौदा दिसत होता म्हणून त्यावर मोर्चे निघाले. हा गावोगावचा सौदा एवढा लहान होता की त्यावर मोर्चा काढावा असे कोणाला वाटलेच नाही.

याही खाली आणखी एक पायरी आहे. तिला गावात ‘झिरो वायरमन’ म्हणतात. हा कोणाच्याच कागदावर नसतो. लाईनमनकडे दहा गावे, उतारवयात खांबावर चढणे होत नाही, म्हणून गावातील एखादा धाडसी पोरगा हाताशी धरला जातो. शेतकरी शे-दोनशे रुपये हातावर ठेवतो. पोरगा डीपीवर चढतो. परमिट घेतले आहे की नाही हे तो विचारीत नाही. विचारण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेलाच नाही. असे तरुण तारेला चिकटून दगावल्याच्या बातम्या मराठवाड्यातील वृत्तपत्रांत आजवर किती वेळा वाचल्या, याची गणती आम्ही सोडून दिली आहे. अशा वेळी चौकशीत प्रथम एकच गोष्ट निष्पन्न होते : मृत इसम आमचा कर्मचारी नव्हता.

कायद्याचे दार ठोठावावे तर तेही पूर्वीसारखे उघडत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली एखाद्या कामातील कंत्राटपद्धतीवर बंदी आली, की तेथील कामगार मूळ मालकाचे ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात दिला होता. कामगारवस्त्यांतून त्या वेळी पेढे वाटले गेले असल्यास नवल नाही. परंतु ऑगस्ट २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो निर्णय रद्द ठरवला. त्याच वर्षी सिप्ला कंपनीच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट ठरली. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याचा आधार घ्यायचा, तर आपण त्या मालकाचे कामगार आहोत हे आधी निर्विवाद असले पाहिजे. आता कंत्राटी कामगाराचे सारे भांडण जर ‘मी कोणाचा’ याच प्रश्नावर असेल, तर त्याने उंबरठा ओलांडायचा कसा? संघटनांनी हे कायदे कायम कामगाराच्या हातचे शस्त्र म्हणून मिळवले होते. नव्या कामगाराच्या हाती येताना त्याची मूठच निखळली.

येथे आम्हांला पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१ मधील ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकाची आठवण होते. कामगाराशी प्रत्यक्ष करार करणारा तो ‘प्रत्यक्ष मालक’. परंतु ज्या संस्था, धोरणे आणि शासनव्यवस्था त्या करारातील अटी पडद्याआडून ठरवतात, त्या सर्वांना मिळून त्यांनी ‘अप्रत्यक्ष मालक’ असे नाव दिले आणि जबाबदारी त्यांच्यावरही टाकली. पोलंडसारख्या देशातून आलेल्या, तरुणपणी स्वतः खाणीत आणि कारखान्यात राबलेल्या माणसाला ही गोष्ट पुस्तकात शोधावी लागली नसावी. दहावी-बारावीनंतर आयटीआय करून कंत्राटदाराकडे लागलेली मुले आपल्याही धर्मग्रामांत आहेत. त्यांच्या ओळखपत्रावर कंत्राटदाराचे नाव असते, कामाचा हुकूम मात्र कंपनीचा अभियंता देतो. परिपत्रकातील तो शब्द त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

संघटनांना हे अजिबात उमजले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. उशिरा का होईना, पाऊल पडले. कंत्राटी वीज कामगारांच्या स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या. जुन्या महासंघांनीही त्यांना आपल्या ओसरीवर जागा दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहातील कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात समांतर वीजवितरणाचा परवाना मागितला, तेव्हा तिसाहून अधिक संघटनांच्या संघर्ष समितीने ४ जानेवारी २०२३ पासून तीन दिवसांचा संप पुकारला. समितीने त्या वेळी जे आकडे सांगितले ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत : सुमारे ८६ हजार कर्मचारी, अधिकारी व अभियंते, आणि ४२ हजार कंत्राटी कामगार. म्हणजे खांबाशी नाते असलेल्या दर तिघांत एक कंत्राटी. पंधरा वर्षांपूर्वी असा आकडा संघटनेने स्वतःच्या तोंडाने उच्चारला नसता. आता तो आपले बळ म्हणून सांगितला गेला. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा होऊन, कंपन्यांचे खासगीकरण करणार नाही या आश्वासनावर, संप मागे घेण्यात आला.

ग्राहकाशी तुटलेले नातेही थोडेफार सांधले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये आगाऊ पैसे भरण्याचे ‘स्मार्ट’ मीटर बसवण्याची कामे खासगी कंपन्यांना देण्यात आली, तेव्हा वीज कामगार आणि ग्राहक संघटना एकाच मंडपात बसलेल्या दिसल्या. जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना असे मीटर लावले जाणार नाहीत, असे सरकारला जाहीर करावे लागले. ज्या ग्राहकाला एकेकाळी कार्यालयाच्या पायरीवर ताटकळत ठेवले, त्याच्याकडे आधार मागण्याची वेळ संघटनेवर आली, आणि त्याने तो दिला. मराठवाड्यातील शेतकरी मनाने उदार आहे, एवढेच यावर म्हणता येईल.

मात्र मूळ गाठ सुटलेली नाही. संघर्ष समितीच्या मागण्यांत कंत्राटी कामगारांना कायम करण्याचे कलम असते, पण वाटाघाटींच्या टेबलावर ते बहुधा शेवटी येते, आणि तोवर मुख्य मागणीवर तडजोड होऊन गेलेली असते. कायम कामगाराचा वेतनकरार झाला की फटाके वाजतात; त्याच खांबाखाली उभा असलेला कंत्राटी तरुण ते ऐकतो. कंत्राटदार बदलला की आपली हजेरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाईल, भविष्यनिर्वाह निधीचा जुना हिशोब कोठे अडकला हे विचारायला कोणाकडे जावे, या काळज्या त्याच्या एकट्याच्या राहतात. निवृत्त लाईनमनने आम्हांला सांगितलेला तो अनुकंपेचा भरवसा त्याच्या घरापर्यंत पोहोचलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्या बाजूस गेलो होतो. सायंकाळी वीज गेली. एका शेताच्या बांधावर दोन-तीन शेतकरी डीपीखाली उभे होते आणि वर एक विशीतला पोरगा फ्यूजची तार गुंडाळत होता. हातमोजे नव्हते, कमरेला पट्टा नव्हता. खालच्या वृद्ध शेतकऱ्याने काळजीने विचारले, ‘पोरा, वरून बंद केली ना रे लाईन?’ पोराने मोबाइल काढून कोणाला तरी फोन लावला, होकार मिळाला असावा, आणि तो पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळाने मोटारी सुरू झाल्या. खाली उतरल्यावर आम्ही त्याला विचारले, ‘दादा, तुम्ही बोर्डात का?’ तो हसला आणि म्हणाला, ‘नाही काका, बोर्डाचे साहेब सुट्टीवर आहेत.’